युगांडाला चाललोय ठिबकच्या कामाला, लस अन गोळ्यांचं काय काय करावं लागतं?

ठिबकवाला_रावेर

राम राम मंडळी. मी रावेर तालुक्यातला, ठिबक बसवणं आणि केळीच्या टिश्यूकल्चर रोपांचं काम करतो. आता एका कंपनीतर्फे युगांडात जिंजा गावाजवळ एका मोठ्या शेतावर जायचं ठरलंय, सहा महिन्यांचं काँट्रॅक्ट, पुढे वाढू बी शकतं. वय ४३. शुगर आहे, मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइडची गोळी दोन टाइम आणि यंदापासून डॉक्टरांनी डापाग्लिफ्लोझिन पण चालू केली आहे. पासपोर्ट तयार, व्हिसाचं कंपनी बघतेय, पण तब्येतीचं कोणी धड सांगत नाही. कागदपत्रं करणारा एजंट म्हणतो यलो फीव्हरचं कार्ड मीच आणून देतो, टोचून घ्यायला मुंबईला कशाला जाता, वर थोडे पैसे द्या बस. आई म्हणते मलेरियाला काय घाबरायचं, आपल्या तापीकाठी मच्छर काय कमी आहेत का. बायकोने मोबाइलवर इबोलाचे व्हिडिओ बघून घेतले तिचं वेगळंच चालू आहे.

माझ्यासोबत एक हेल्पर पोरगा येतोय, धडगावकडचा, त्याला शाळेत असताना सिकलसेलचं (आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार) कार्ड मिळालंय, त्याचं पण विचारायचं होतं. आणि मलेरियाच्या गोळ्या खरंच सहा महिने रोज खायच्या असतात का? निघायला अजून दीड महिना आहे.

भुसावळ_लोको

काय भो, आफ्रिकाले जाई रायना का मंग, मस्त शे. मी केनिया-युगांडा दोन्हीकडे कारखान्यात मेंटेनन्सला होतो, म्हणून थोडं लांबलचक सांगतो.

पहिलं म्हणजे त्या एजंटला हात जोड. यलो फीव्हरची लस केंद्र सरकारने नेमलेल्या सेंटरवरच मिळते, मेडिकलवर मिळत नाही, आपल्या गावातल्या डॉक्टरकडे पण नाही. मुंबईत विमानतळाचं आरोग्य कार्यालय आहे, बंदराचं आहे, सेंटरची पूर्ण यादी आरोग्य मंत्रालयाच्या साइटवर असते. आधी अपॉइंटमेंट घ्यावी लागते कारण एका बाटलीत बऱ्याच जणांचे डोस असतात आणि एकदा पाणी मिसळून फोडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून ते लोक ठरावीक वारीच बोलावतात. ओरिजिनल पासपोर्ट न्यायचा, पिवळ्या कार्डावर पासपोर्ट नंबर, लसीचा बॅच नंबर, सही, शिक्का सगळं येतं. नावाचं स्पेलिंग तिथेच उभं राहून पासपोर्टशी ताडून बघ.

टोचल्यावर १० दिवसांनी कार्ड चालू होतं, त्याच्या आधी विमानात बसला तर ते कागद असून नसल्यासारखं. एकदा घेतली की जन्मभर चालते, आधी दर १० वर्षांनी घ्यावी लागायची, २०१६ पासून ते गेलं. त्यामुळे काँट्रॅक्ट वाढलं तरी परत टोचायची भानगड नाही.

आणि लोकांना वाटतं कार्ड फक्त तिकडे उतरताना लागतं. तसं नाही, परत येताना मुंबईला इमिग्रेशनच्या अलीकडे आरोग्यवाले बसलेले असतात, कार्ड नसेल किंवा गडबडीचं असेल तर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइनला टाकतात. घरचे बाहेर फुलं घेऊन उभे आणि तू आतमध्ये. हे आपल्या सरकारचं यासाठी की आपल्याकडे तो मच्छर आहे, डेंग्यूवालाच, पण तो रोग अजून आलेला नाही, आणि येऊ द्यायचा नाही. रोग पण साधा नाय, त्याच्यावर औषधच नाही, ज्यांचं बिघडतं त्यातले निम्मे आठ-दहा दिवसांत जातात. खोटं कार्ड म्हणजे नुसता शिक्का विकत घेतला, अंगात काहीच गेलं नाही.

पण खरं सांगू, सगळे या कार्डापायी अडकून पडतात. आपली माणसं तिकडे आजारी पडतात ती मलेरियाने. त्याचं कार्ड कोणी मागत नाही म्हणून कोणी विचारत पण नाही. तू विचारलंस ते बरं केलं.

डॉक्टर_धुळेवाली

वर भुसावळच्या भाऊंनी बरोबर लिहिलंय. मी फिजिशियन आहे, पण तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे हे वाचून स्वतःच मेडिकलवरून गोळ्या घेऊ नका, तुमच्या डॉक्टरांसमोर हे घेऊन बसा.

आईंचं म्हणणं समजतं, पण आपल्याकडे बराचसा मलेरिया व्हायव्हॅक्स नावाच्या जंतूचा, थंडी वाजून ताप येतो, माणूस गळून जातो, पण सहसा वाचतो. युगांडात जवळपास सगळा फाल्सिपेरम या दुसऱ्या जंतूचा. तो मेंदूत, किडनीत जातो, आणि पहिल्या तापानंतर दोन-चार दिवस अंगावर काढले तर हातातून जाऊ शकतो. तिथले मोठे लोक लहानपणापासून परत परत मलेरिया होऊन थोडेफार तयार झालेले असतात, त्यांना साधा ताप येऊन जातो ते बघून आपल्या लोकांना वाटतं काही नाही. तुमच्या शरीराला त्याची ओळखच नाही.

गोळ्यांचं म्हणाल तर हो, राहाल तितके दिवस घ्यायच्या. तीन पर्याय असतात. डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ रोज एक, निघायच्या एक-दोन दिवस आधी सुरू, परत आल्यावर पण ४ आठवडे. स्वस्त आहे म्हणून लांब मुक्कामाला बहुतेक हीच. पण तुम्ही दिवसभर शेतात उभे राहणार आणि या गोळीने उन्हाने कातडी भाजते, तर फुल बाह्या, टोपी, सनस्क्रीन. जेवणानंतर भरपूर पाण्याने घ्या आणि घेतल्या घेतल्या आडवे होऊ नका, अन्ननलिकेत चिकटली तर छातीत असं जळतं की हार्टचं आहे असं वाटेल. दूध, कॅल्शियम, अँटासिड बरोबर नको. दुसरा अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल, रोज एक, परत आल्यावर फक्त ७ दिवस, त्रास कमी पण महाग. तिसरा मेफ्लोक्विन, आठवड्यातून एकदा, निघायच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू करतात आणि आल्यावर ४ आठवडे, पण ज्याला फिट्स किंवा डिप्रेशन वगैरेचा इतिहास आहे त्याला देत नाहीत, काहींना भलतीच स्वप्नं पडतात. आणि कोणी क्लोरोक्विन दिली तर घेऊ नका, आफ्रिकेतल्या फाल्सिपेरमवर ती कधीचीच चालत नाही.

गोळी घेऊनही शंभर टक्के खात्री नसते, म्हणून मच्छरदाणी, औषध लावलेली, गादीखाली खोचून. मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. डीईईटी (मच्छर दूर ठेवणारं औषध) असलेलं क्रीम अंगाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तिथे ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा, रॅपिड टेस्ट सगळीकडे होते, उपचार पण चांगले मिळतात, त्यांना रोजचंच आहे. पण परत आल्यावर दोन-तीन महिन्यांत, त्यानंतर सुद्धा, ताप आला तर रावेरच्या डॉक्टरला दारातच सांगायचं, मी युगांडातून आलोय. नाहीतर पावसाळ्यात आपल्याकडे ताप म्हणजे व्हायरल नाहीतर डेंग्यू, सलाइन लावतात आणि दोन दिवस तसेच जातात. माझ्याकडे असा पेशंट आला होता, बाहेर तीन दिवस नुसतं पॅरासिटामॉल अन अँटिबायोटिक चालू होतं, कोणी प्रवासाचं विचारलंच नव्हतं. आयसीयूत राहून वाचला.

शुगरचं दुपारी ओपीडी संपली की लिहिते.

गावरान_वैदू

एवढ्या गोळ्या खाऊन लिव्हरची वाट लागेल. रोज सकाळी कडुलिंबाचा रस आणि दोन लसणाच्या पाकळ्या, मच्छर जवळ येत नाय. आमच्या मामाने आयुष्यभर गोळी खाल्ली नाय.

भुसावळ_लोको

मामा युगांडाले गयथा का?

तळोद्याची_आशा

सिकलसेलचं मी सांगते कारण आमच्या धडगाव-अक्कलकुवा भागात रोजचं काम आहे हे. आधी त्या पोराचं कार्ड नीट बघा, एएस लिहिलंय की एसएस. एएस म्हणजे वाहक, त्याला सहसा काही त्रास नसतो, काम करू शकतो. एसएस म्हणजे आजार. कार्ड हरवलं असेल तर नुसत्या साध्या टेस्टवर जाऊ नका, इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी या लॅबमधल्या रक्ताच्या तपासण्या करून पक्कं करून घ्या.

आमच्याकडे पोरांमध्ये एक बोललं जातं की सिकलवाल्याला मलेरिया होत नाही. ते अर्धवट आहे. वाहक असेल तर मलेरिया जिवावर बेतायचं प्रमाण कमी होतं हे खरं, म्हणून तर हा सिकल मलेरियाच्या भागातच पसरला, आफ्रिकेत पण आणि सातपुड्यात पण. पण मलेरिया होतच नाही असं नाही, गोळ्या त्यालाही तेवढ्याच लागतात. आणि एसएस असेल तर उलटं, मलेरिया झाला तर त्याच्यासाठी आपल्यापेक्षा जास्त वाईट. मग दूरच्या कामाला पाठवायचं की नाही हे आधी मोठ्या डॉक्टरला विचारा, कंपनीला लपवू नका, आणि विमानात पाणी भरपूर पाजा त्याला, ती पोरं लाजून मागत नाहीत.

यलो फीव्हरची लस त्याला पण लागेल बरं का, कार्ड प्रत्येकाचं वेगळं.

ठिबकवाला_रावेर

धन्यवाद सगळ्यांना. पोराच्या कार्डावर एएस आहे, आत्ता फोन करून विचारलं. आशाताई, त्याला हे वाचून दाखवतो, तो पण म्हणत होता मला मलेरिया होत नाही म्हणून.

मॅडम शुगरचं सांगा, आणि औषध सहा महिन्यांचं इथूनच नेऊ का?

डॉक्टर_धुळेवाली

निघायच्या आधी एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), डोळ्याचा पडदा आणि पाय तपासून घ्या. शेतात गमबूट घालून काम करणार, पायाला जखम झाली आणि कळलीच नाही असं व्हायला नको, रोज रात्री तळवा बघायचा, बुटात हात घालून खडा बघायचा.

औषधं जमतील तितकी इथून न्या, डॉक्टरच्या लेटरहेडवर पत्र घ्या, त्यात कंपनीचं नाव नाही तर औषधाचं मूळ नाव, कारण आपल्याकडचे ब्रँड तिथल्या मेडिकलवाल्याला कळणार नाहीत. स्ट्रिपमधून काढून डबीत भरून नेऊ नका. निदान महिन्याभराचं हँडबॅगेत ठेवा, मोठी बॅग एक दिवस उशिरा आली तरी चालतं, शुगरची गोळी थांबत नाही. ग्लुकोमीटर नेणार तर पट्ट्याही इथूनच, तोच मॉडेल तिकडे मिळेल याचा भरवसा नाही. कोणी इन्सुलिनवर असेल तर ते कधीच लगेज बॅगेत टाकायचं नाही, खाली गोठून वाया जातं.

वेळेचा फरक अडीच तासांचा आहे फक्त, गोळ्यांना अडचण नाही. पण ग्लिमेपिराइड घेऊन जेवण चुकलं तर शुगर खाली येते, विमानात, एअरपोर्टवर, पहिल्या आठवड्यात जेवणाचं वेळापत्रक नसतं, खिशात ग्लुकोज नाहीतर गूळ-शेंगदाणे ठेवा.

आणि हे कोणी सांगत नाही म्हणून लिहिते. जुलाब-उलट्या लागून शरीर कोरडं पडलं तर मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन तेवढे दिवस थांबवावी लागतात, डापाग्लिफ्लोझिनने तर शुगर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. कधी थांबवायची, कधी सुरू करायची हे आत्ताच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. आणि त्या वेळी ओआरएस घ्यायचं, त्यात साखर आहे म्हणून सोडायचं नाही, पुष्कळ शुगरवाले हेच करतात. जुलाबात रक्त असेल किंवा ताप असेल तर लोपेरामाइड घेऊन दाबायचं नाही, दवाखाना गाठायचा.

लसी: टायफॉइडची आपल्याकडची कॉन्ज्युगेट लस एक डोस, धनुर्वाताचा डोस १० वर्षांत झाला नसेल तर तो, हिपॅटायटिस बी घेतली नसेल तर आजच सुरू करा, तिचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात म्हणजे दोन तरी होतील जायच्या आधी. हिपॅटायटिस ए आपल्या वयाच्या बहुतेक लोकांना लहानपणीच न कळत होऊन गेलेला असतो, हवं तर अँटिबॉडी बघून ठरवा. कुत्रं चावलं तर इथल्यासारखंच, साबणाने १५ मिनिटं धुऊन लगेच रेबीजची लस, लांबच्या शेतावर राहणार असाल तर आधीच रेबीजचे डोस घेऊन जाणं पण चांगलं. यलो फीव्हरच्या आधी अंड्याची अ‍ॅलर्जी, स्टिरॉइड चालू, कॅन्सरचे उपचार असं काही असेल तर सांगायचं. ती जिवंत लस आहे, ६० च्या वरच्यांना पण विचार करून देतात. नुसती शुगर असल्याने अडत नाही.

वहिनींना सांगा, इबोला युगांडात २०२२ ला आला होता आणि २०२५ च्या सुरुवातीला पण, दोन्ही वेळा काही महिन्यांत आटोक्यात आला. तो हवेतून येत नाही, आजारी माणसाच्या रक्ता-घामाला, मयताला हात लागून येतो. साथ असेल तर दवाखान्यात पेशंट बघायला आणि मयताला जायचं नाही, जंगलातल्या प्राण्याचं मटण खायचं नाही.

भुसावळ_लोको

मॅडमनी एवढं लिहिलं, पण ठिबकवाल्यासाठी एक गोष्ट राहिली. जिंजा म्हणजे व्हिक्टोरिया तलाव आणि नाईलचा काठ. पाणी दिसायला असं स्वच्छ की आपल्या माणसाला तापीत उतरल्यासारखं उतरावंसं वाटतं. उतरू नको. त्या पाण्यात गोगलगाय असते, तिच्यातून बारीक अळी निघते ती कातडीतून आत शिरते, काही मिनिटं पुरतात, जखम वगैरे लागत नाही. बिलहार्झिया म्हणतात. आपल्याकडे हा रोग नसल्यासारखाच म्हणून इथल्या डॉक्टरच्या डोक्यात पण येत नाही. आधी खाज, मग काही आठवड्यांनी ताप, खोकला, नाहीतर काहीच नाही आणि कित्येक वर्षांनी आतडं-लिव्हर खराब.

आता तुझं काम बघ, तलावातून पंप, फूटव्हॉल्व्ह (पाण्यातल्या पाइपाच्या तोंडाची झडप) काढायला पाण्यात उतरणार, सँड फिल्टरच्या बॅकवॉशचं पाणी पायावर, लॅटरल (ठिबकच्या नळ्या) फ्लश करताना हात ओले. तर फूटव्हॉल्व्हसाठी लांब गमबूट आणि रबरी हातमोजे कंपनीकडून मागून घे, आणि तिथल्या शेतावर आधी टाकी असेल तर बघ, पाणी दोन दिवस साठवून ठेवलं की त्या अळ्या मरून जातात, आंघोळीला ते पाणी वापरायचं. परत आल्यावर एकदा रक्त अन संडास तपासून घ्यायचं, निघालं तर प्राझिक्वान्टेल नावाची गोळी असते, बरं होतं.

अजून एक विचित्र वाटेल. तिकडे कपडे बाहेर वाळत घातले तर इस्त्री केल्याशिवाय घालायचे नाहीत, चड्डी-बनियन सुद्धा. एक माशी ओल्या कपड्यावर अंडी घालते आणि अळी कातडीत जाऊन फोडासारखी वाढते. इस्त्रीने मरते. मी सुरुवातीला ऐकून हसलो होतो, मग आमच्या मेसमधल्या स्वयंपाक्याच्या पाठीतून काढताना बघितली.

आणि तिकडे केळी शिजवून खातात, मटोके म्हणतात, तू केळीवाला, तुला बघून दुःख होईल.

खापरावरची_पुरणपोळी

मी दुबईत असते, माहेर अमळनेर. तिकीट दुबईवरून असेल आणि मध्ये बाहेर पडून नातेवाइकाकडे थांबणार असाल तर दोन गोष्टी. खसखस अजिबात नको, इथे बंदी आहे, नुसत्या पुडीतली नाही, काळ्या मसाल्यात घरी घातलेली असते ती पण. आई कायम मसाल्याचा डबा देते आणि मला दर वेळी विचारावं लागतं. दुसरं म्हणजे कोडीनवालं खोकल्याचं सिरप, ट्रामाडॉल, झोपेच्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्या इथे कंट्रोल्ड आहेत, आधी परवानगी काढल्याशिवाय आणायच्या नाहीत. आपल्याकडे गुडघेदुखीवाल्या प्रत्येक काकांच्या खिशात ट्रामाडॉल असते.

बिबड्या, पापड, कळण्याचं पीठ बिनधास्त न्या.

आणि इन्शुरन्स. कंपनीने काढलाय म्हणतात सगळे, पण कागद मागून घ्या आणि त्यात आधीपासूनची शुगर धरलीय का आणि गंभीर झालं तर दुसऱ्या देशात हलवायचा खर्च आहे का ते बघा.

ठिबकवाला_रावेर

बापरे, मी तर दोन इंजेक्शनांत काम होईल असं समजत होतो. एजंटला नाही सांगितलं, मुंबईची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यातली मिळाली, मी आणि तो पोरगा दोघं जातोय. कंपनीला गमबूट-हातमोज्यांचा मेल टाकला.

एक शेवटचं. बायको आणि पाच वर्षांची पोरगी दिवाळीत महिन्याभरासाठी येऊ म्हणतात. त्यांना पण हे सगळं?

डॉक्टर_धुळेवाली

हो, यलो फीव्हर दोघींना, ९ महिन्यांच्या वरच्या मुलाला देता येते आणि युगांडात एक वर्षाच्या वरच्या सगळ्यांना कार्ड लागतं. वहिनी गरोदर नाहीत ना हे आधी बघा, असतील तर लसही टाळतात आणि खरं तर तो प्रवासच टाळावा, गरोदरपणात फाल्सिपेरम फार वाईट. मुलीचा गोवर-एमएमआर किंवा कांजिण्यांचा डोस राहिला असेल तर तो यलो फीव्हरबरोबर एकाच दिवशी नाहीतर मध्ये ४ आठवडे सोडून. मलेरियाला ८ वर्षांच्या आतल्या मुलांना डॉक्सिसायक्लिन देत नाही, दातांवर डाग पडतात. तिला वजनाप्रमाणे अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिलची लहान मुलांची गोळी, बालरोगतज्ज्ञांकडून डोस काढून घ्या. त्या कडू असतात, केळ्यात कुस्करून द्या, केळी तर तुमच्याकडे आहेतच.

भुसावळ_लोको

मुंबईला रात्रीच्या गाडीने जाणार असशील तर सकाळी उतरल्यावर नाश्ता करून, गोळी घेऊन मगच लायनीत उभा राहा, उपाशी जायची गरज नसते. टोचल्यावर थोडा वेळ बसवून ठेवतात, चक्कर-बिक्कर येते का बघायला, लगेच पळू नको. काही दिवस अंग दुखतं, बारीक ताप येतो कधी, तेवढ्याने घाबरायचं नाही. पोराचा पासपोर्ट पण ओरिजिनल घे, झेरॉक्स चालत नाही, आमच्या सोबतचा एक जण तेवढ्यावरून परत आला होता.